वीतभर

एम्पाल्मेच्या मैदानात तेवीस दिवस
रांगेत बसून होता बाप.
तिथे आधी हात बघायचे, मग माणूस.
टेबलामागचा साहेब तळवा उलटासुलटा करायचा
बाजारात वांगं बघतात तसा.
घट्टे असले तर शिक्का,
नसले तर आल्या वाटेनं घरी.

आणि बाप तर भट्टीवाला, पाववाला.
कणकेत, डुकराच्या चरबीत मुरलेले त्याचे हात,
गावातल्या बायका चेष्टा करायच्या त्या हातांची.
निघायच्या आधी महिनाभर
त्यानं ते चुन्यात बुडवले, विटेवर घासले,
क्रेसेन्सियोकडची लाकडं फुकट फोडून दिली.
आई म्हणाली, लोक हात जपतात,
याला नासवायची घाई.

शिक्का मिळाला.

सीमेवर कपडे उतरवून
अंगावर पांढरी पूड फवारली सगळ्यांच्या.
पहिल्या पत्रात एवढंच होतं त्याबद्दल :
पिठासारखीच होती, पण खोकला फार आला.

पत्रं तो लिहीत नसे. लिहायचा एलेउतेरियो नावाचा कुणी,
ओआहाकाचा, बराकीत वरच्या पलंगावरचा,
एका पत्राला दहा सेंट.
त्यामुळे पत्रातला बाप
आईला ‘माझ्या पहाटे’ म्हणायचा.
आई लाजायची, मग हसायची,
मग पुन्हा वाचून घ्यायची माझ्याकडून.
पुढं एलेउतेरियोला परत धाडलं.
तेव्हापासून पाकिटात फक्त डॉलर
आणि कागदावर आकडा.

सालिनासला सॅलडचा पाला.
मैलभर लांब ओळी, आणि खुरपं आखूड दांड्याचं,
कोर्तितो म्हणायचे त्याला, म्हणजे बुटकुलं.
दांडा वीतभर, जेमतेम.
लांब दांड्याचं का नाही, असं विचारलं एकानं.
मुकादम म्हणाला,
उभा कोण आणि वाकलेला कोण
हे मला गाडीतूनच कळलं पाहिजे.

आठ हंगाम.

परत आला तेव्हा मी अकरा वर्षांची.
दारात उभा राहिला, म्हणजे
उभा असावा असं आम्ही धरून चाललो.
दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली,
कणीक टेबलावर घेतली,
आणि थोडा वेळ नुसताच बघत राहिला.
मग परड्यातून करवत आणली
आणि टेबलाचे चारी पाय
वीत वीत कापून टाकले.
तुकडे भट्टीत घातले. त्या दिवशीचा पाव
चांगला झाला होता, मला आठवतंय.

पगारातले शंभरातले दहा
तिकडे कापून ठेवले होते म्हणे, म्हातारपणासाठी.
ते मागायला एकोणऐंशीव्या वर्षी
मी त्याला खिडकीशी नेलं.
आतल्या पोरानं काचेचं यंत्र पुढं केलं,
हिरवा दिवा लागला.
आजोबा, अंगठा.
आजोबा, जरा जोरात.
आजोबा, पुसून ठेवा.
यंत्राला काही दिसेना.
चुना, वीट, खुरपं, चाळीस वर्षं भट्टी,
कुठं काय गेलं कुणी सांगावं.
पोरगं म्हणालं, यावर काहीच नाहीये.
बापानं अंगठा स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला,
आणि खुदकन हसला.
साहेबाला दाखवायला हवा होता, म्हणाला.

पैसे आले नाहीत. बाप गेला त्यालाही
सहा वर्षं होतील पेरू पिकतील तेव्हा.

टेबल तेच आहे.
मी सरहद्द पाहिलेली नाही,
पाला खुडलेला नाही,
तरी पाठ माझीही त्याच ठिकाणी दुखते.

गेल्या माघारी माझा आन्सेल्मो निघाला,
त्याच खोऱ्यात, आता व्हिसा लागतो,
हात कुणी बघत नाही, फोनवर फॉर्म भरतात.
जायच्या आदल्या दिवशी चार विटा आणून ठेवल्या दाराशी.
आई, पायांखाली लावून घे, म्हणाला,
वाकू नकोस इतकी.

लावीन म्हणते.
शेवाळ धरलंय त्यांच्यावर.
सकाळी चारला कणीक भिजते,
आणि हात आपणच खाली जातात.